डेटाबेसला प्रश्न विचारायचा, पण एका दमात नाही: प्रिपेअर्ड स्टेटमेंट आणि फेच, सोप्या भाषेत

ओ'ब्रायन आडनावाच्या माणसाने एखाद्या साइटवर फॉर्म भरला, सबमिट दाबलं आणि समोर पांढरं पान आलं किंवा सिंटॅक्स एरर असं काहीतरी आलं, तर तो म्हणतो साइट बिघडलीये. बिघडलेली असतेच, पण त्याला वाटतंय त्यापेक्षा खूप जास्त. ओ नंतर ते जे छोटं चिन्ह आहे ना, सिंगल कोट, ते ज्या साइटला झेपत नाही ती साइट बाहेरच्या माणसाने लिहिलेलं काहीही हुकूम समजून ऐकत असते, आणि आज बिचाऱ्या ओ'ब्रायनचा फॉर्म अडकला तिथेच उद्या कोणीतरी मुद्दाम काहीतरी लिहून अख्खी यादी घेऊन जाऊ शकतो.

बातम्यांमध्ये "एसक्यूएल इंजेक्शनमुळे डेटा चोरीला" असं वाचतो ते हेच. आणि त्यावरचं औषध, प्रिपेअर्ड स्टेटमेंट, नवीन नाही, महाग नाही, फक्त शिकवताना ते "असं लिहायचं असतं, लिहा" म्हणून शिकवतात, का ते कोणी सांगत नाही, मग मुलं ते पाठ करतात आणि पहिल्याच विचित्र एररला सोडून देतात. म्हणून हा लेख. कोड येत नसेल तरी वाचा, अर्ध्यापेक्षा जास्त कळेल.

एक सूचना आधीच. खरा कोड इंग्रजी अक्षरांत असतो, इथे मी तो देवनागरीत लिहिलाय, तेव्हा कॉपी करून चालवायला जाऊ नका.

## आधी मूळ गोष्ट

डेटाबेस म्हणजे नीट तक्त्यांमध्ये लावून ठेवलेली माहिती, आणि क्वेरी म्हणजे त्याला विचारलेला प्रश्न किंवा दिलेलं काम. ही क्वेरी ज्या भाषेत लिहितात ती एसक्यूएल. साइटचा किंवा अ‍ॅपचा कोड वेगळा प्रोग्रॅम, डेटाबेस वेगळा प्रोग्रॅम, बऱ्याचदा तो वेगळ्या मशीनवर सुद्धा असतो, आणि दोघांमध्ये एक कनेक्शन असतं. कोड क्वेरी पाठवतो, डेटाबेस ओळी परत पाठवतो. बस एवढंच.

गडबड कुठे होते तर क्वेरी तयार करताना. तुम्ही सर्च बॉक्समध्ये आडनाव टाइप केलं, आता कोडला ते आडनाव क्वेरीत घालायचंय, तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे शब्दाला शब्द जोडायचा:

"सिलेक्ट * फ्रॉम मेंबर्स व्हेअर आडनाव = '" + आडनाव + "'"

म्हणजे मेंबर्स नावाच्या टेबलातून हे आडनाव असलेल्या ओळी आण. जोशी टाकलं तर मस्त चालतं. कुलकर्णी टाकलं तरी चालतं. वर्षभर चालतं. म्हणून तर लोकांना पटत नाही यात काही चुकीचं आहे म्हणून.

## शुद्धलेखनाचा तास आठवा

बाई वर्गात शुद्धलेखन घालतायत. बाई म्हणतात, "रमा घरी गेली पूर्णविराम". मुलं "रमा घरी गेली" लिहितात आणि टिंब देतात. पूर्णविराम हा शब्द कोणी लिहीत नाही, कारण ती सूचना आहे हे सगळ्यांना माहितीये. आता बाई सांगतात, "वाक्य संपलं की पूर्णविराम द्यावा". अर्धा वर्ग शब्द लिहितो, अर्धा वर्ग मध्येच टिंब देऊन मोकळा होतो. मुलांची चूक नाही हो. लिहायचा मजकूर आणि करायची सूचना दोन्ही एकाच तोंडातून, एकाच आवाजात येतंय, ऐकणाऱ्याने कुठून ओळखायचं कुठलं काय ते?

डेटाबेसचं अगदी हेच होतं. त्याच्याकडे जी क्वेरी येते ती सलग एक ओळ असते. त्यातला "सिलेक्ट" तुम्ही लिहिला आणि "ओ'ब्रायन" फॉर्ममधून आलं, हे त्याला दिसत नाही. त्याला एवढंच माहितीये की सिंगल कोट आला म्हणजे मजकूर सुरू, पुढचा सिंगल कोट आला म्हणजे मजकूर संपला, आता पुन्हा हुकूम. म्हणून ओ पाशी तो मजकूर संपवतो, पुढचं "ब्रायन" हा हुकूम समजायला जातो, असा काही हुकूम नसतो, एरर.

हे झालं चुकून. आता मुद्दाम. लॉगिनचा जुना बावळट कोड असा असतो: नाव जुळतंय आणि पासवर्ड जुळतोय अशी ओळ शोधा, मिळाली तर आत घ्या. नावाच्या जागी कोणी टाइप केलं:

अ‍ॅडमिन' -- 

कोटने मजकूर बंद झाला. दोन आडव्या रेघा म्हणजे एसक्यूएलमध्ये "इथून पुढची ओळ ही नुसती टीप आहे, वाचू नका". पासवर्ड तपासायचा भाग त्या रेघांच्या पुढे होता, तो गेला. डेटाबेसने इमानदारीत अ‍ॅडमिनची ओळ आणून दिली. (पासवर्ड असा सरळ साठवायचाच नसतो हे खरं, पण तो वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.)

नेटवर सगळीकडे उदाहरण देतात ते "टेबल उडवून टाकलं" याचं. ऐकायला भारी वाटतं. पण पीएचपी या वेबच्या भाषेत मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलायला मायएसक्यूएलआय असतं, त्याचं साधं क्वेरी फंक्शन एका वेळी एकच हुकूम चालवतं, तिथे दुसरा हुकूम मागे जोडून टेबल उडवणं इतकं सहज होत नाही, आणि हे बघून काही लोक निश्चिंत होतात. खरा चोर टेबल उडवत नाही. तो "युनियन" वापरून तुमच्याच यादीला दुसऱ्या टेबलची यादी जोडून घेतो आणि सर्च रिझल्टच्या पानावर निवांत वाचत बसतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

## हे खरंच एवढं होतं का

होतं. 1998 च्या डिसेंबरमध्ये फ्रॅक नावाच्या ऑनलाइन मासिकाच्या 54 व्या अंकात जेफ फॉरिस्टल या माणसाने "रेन फॉरेस्ट पपी" या टोपणनावाने हा प्रकार लिहून मांडला, म्हणजे सगळ्यांना माहीत होऊन पाव शतक उलटून गेलं. नंतर अमेरिकेत हार्टलँड पेमेंट सिस्टिम्स आणि आणखी काही कंपन्यांच्या सिस्टिममध्ये शिरून 13 कोटींच्या आसपास कार्डांचे नंबर चोरल्याची केस झाली, शिरकाव एसक्यूएल इंजेक्शननेच, आणि त्यातल्या अल्बर्ट गोन्झालेझला 2010 मध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये टॉकटॉक या टेलिफोन कंपनीचा 2015 चा किस्सा तर प्रत्येक मॅनेजरला ऐकवावा असा आहे. 1,56,959 ग्राहकांची माहिती गेली, 4 लाख पौंड दंड झाला, आणि शिरकाव झाला तो एका विकत घेतलेल्या कंपनीबरोबर आलेल्या जुन्या वेबपेजेसमधून, जी आपल्याकडे अजून चालू आहेत हेच यांना माहीत नव्हतं. आणि 2023 च्या मे महिन्यात मूव्हइट या फाइल पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच भोक सापडलं आणि जगभरच्या संस्थांच्या फाइली गेल्या.

ओवॅस्प नावाची संस्था वेब अ‍ॅप्समधल्या सगळ्यात मोठ्या धोक्यांची यादी काढते. 2010, 2013 आणि 2017 अशा तिन्ही याद्यांमध्ये इंजेक्शन पहिल्या नंबरवर होतं, 2021 ला तिसऱ्यावर आलं.

## मग प्रिपेअर्ड स्टेटमेंट करतं काय

शुद्धलेखनाच्या तासाला परत जाऊ. बाईंनी आता पद्धत बदलली. आधी सगळ्यांना छापील कागद वाटला: "वाक्य संपलं की ______ द्यावा". मुलांनी कागद वाचला, वाक्य कुठे सुरू कुठे संपतं ते कळलं, मोकळी जागा एकच आहे तेही कळलं. त्यानंतर बाई एक चिठ्ठी देतात आणि सांगतात यात जे काही असेल ते जसंच्या तसं त्या जागेत चिकटवा. चिठ्ठीत पूर्णविराम असो, "वर्गाबाहेर पळा" असो, ते फक्त चिकटवायचं. पाळायचं नाही.

कोडमध्ये हे तीन पायऱ्यांत होतं.

पहिली प्रिपेअर. क्वेरीचा सांगाडा पाठवायचा, जिथे किंमत (व्हॅल्यू या अर्थाने, पैसे नव्हे) यायची तिथे प्रश्नचिन्ह:

सिलेक्ट नाव, शहर फ्रॉम मेंबर्स व्हेअर आडनाव = ?

या प्रश्नचिन्हाला प्लेसहोल्डर म्हणतात, जागा धरून ठेवणारा. बघा, भोवती कोट नाहीत. नवशिके सवयीने '?' लिहितात आणि मग तो खरंच प्रश्नचिन्ह आडनाव असलेला मेंबर शोधत बसतो. डेटाबेस हा सांगाडा वाचतो, व्याकरण तपासतो, टेबल आहे का कॉलम आहे का बघतो आणि एक नंबर देतो, की हा तुमचा तयार प्रश्न.

दुसरी बाइंड. कुठल्या जागेत काय भरायचं ते सांगायचं. तिसरी एक्झिक्यूट, आता चालवा. इथे वायरवरून जातो तो फक्त तयार प्रश्नाचा नंबर आणि किंमती, दोन वेगळ्या गोष्टी. ओ'ब्रायन पोचतो तोपर्यंत व्याकरणाचं काम केव्हाच संपलेलं असतं, त्यामुळे त्याच्या कोटला आता कोणी विचारत नाही, तो फक्त आडनावातलं एक चिन्ह.

सगळी जादू एवढीच आहे. किंमत "स्वच्छ" केली जात नाही, तपासली जात नाही, फक्त उशिरा आणि वेगळ्या दाराने आत येते.

चिन्हं मात्र प्रत्येक डेटाबेसची वेगळी. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटला प्रश्नचिन्ह, पोस्टग्रेसला डॉलर आणि आकडा, ओरॅकलला कोलन आणि नाव. पायथॉन या भाषेतून पोस्टग्रेसशी बोलताना %एस लिहितात आणि तिथे एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलोय. एक्झिक्यूट ला क्वेरी आणि किंमती स्वल्पविरामाने वेगळ्या दिल्या तर सगळं सुरक्षित, पण मध्ये स्वल्पविरामाऐवजी टक्क्याचं चिन्ह टाकलं तर पायथॉन स्वतःच शब्द जोडून एक ओळ करून पाठवतो, म्हणजे पुन्हा जुनं दुखणं, आणि दोन्ही कोड दिसायला जुळ्या भावांसारखे. एका अक्षराचा फरक. रिव्ह्यू करणाऱ्याच्या पण डोळ्यांतून सुटतं.

पायथॉनचाच अजून एक, धोक्याचा नाही पण डोकं खाणारा. एकच किंमत असेल तर कंसात किंमतीनंतर एक स्वल्पविराम द्यावा लागतो, नाहीतर एसक्यूलाइटवाला भाग "जोशी" या शब्दाचं एक एक अक्षर वेगळी किंमत समजतो आणि म्हणतो जागा एक आहे, तुम्ही इतक्या दिल्यात. पहिल्यांदा ही एरर बघितली की माणूस हतबुद्ध होतो.

## "मी तर सगळं एस्केप करतो की"

हा आक्षेप जुन्या पीएचपीवाल्यांचा, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. एस्केप करणं म्हणजे मजकुरातल्या कोटच्या आधी उलटी तिरपी रेघ लावायची, म्हणजे डेटाबेसला कळतं की हा कोट मजकुरातलाच आहे. बाई म्हणतायत "पूर्णविराम हा शब्द लिहा, चिन्ह नको", तसंच. चालतं. फक्त प्रत्येक वेळी, प्रत्येक जागी, न विसरता करावं लागतं, आणि शंभरातली एक जागा सुटली की नव्याण्णव ठिकाणच्या मेहनतीला अर्थ नाही.

शिवाय त्याला भोकं आहेत. एक म्हणजे आकडा. "आयडी = " च्या पुढे कोट नसतोच, मग कोणी 5 ऐवजी "5 ऑर 1=1" पाठवलं तर त्यात एस्केप करायला कोट आहेच कुठे? 1=1 नेहमीच खरं, म्हणून सगळ्या ओळी बाहेर. दुसरं जरा मजेशीर आहे. जीबीके नावाची चिनी अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक एन्कोडिंग पद्धत आहे, तिच्यात काही अक्षरं दोन बाइटची असतात आणि दुसरी बाइट नेमकी उलट्या तिरप्या रेघेची असू शकते. चोर आधी एक अर्धवट बाइट पाठवतो, त्यामागे कोट. तुमचं अ‍ॅडस्लॅशेस फंक्शन (पीएचपीचं एस्केप करणारं) मध्ये तिरपी रेघ लावतं, ती रेघ त्या अर्धवट बाइटला चिकटून एक चिनी अक्षर होऊन जाते आणि कोट राहतो मोकळा. पहारेकऱ्यालाच गिळलं की.

पीएचपीने तर हा वाद स्वतःपुरता मिटवला. जुनी मायएसक्यूएल नावाची फंक्शन्स, ज्यांच्यात प्रिपेअर नावाची गोष्टच नव्हती, ती 5.5 मध्ये "वापरू नका" यादीत गेली आणि 2015 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या पीएचपी 7 मधून काढूनच टाकली. तरी जुने ट्यूटोरियल अजून फिरतायत.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला पाहिजे. पीडीओ हा पीएचपीचा दुसरा मार्ग मायएसक्यूएलबरोबर वापरला तर तो बाय डीफॉल्ट खरं प्रिपेअर करतच नाही, तो प्रश्नचिन्हाच्या जागी किंमत स्वतः एस्केप करून भरतो आणि सलग ओळ पाठवतो. याला एम्युलेशन म्हणतात, नाटकच म्हणा. कनेक्शन उघडताना कॅरेक्टर सेट (अक्षरं कुठल्या एन्कोडिंगमध्ये आहेत ते) नीट सांगितला असेल तर हे नाटक व्यवस्थित चालतं, पण मी एम्युलेशन बंद करून ठेवतो, कारण जे करतोय असं वाटतं तेच खरंच व्हावं एवढी साधी अपेक्षा.

## प्रश्नचिन्ह कुठे चालत नाही

इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात आणि मग वैतागून पुन्हा जोडाजोडीवर येतात.

प्रश्नचिन्ह फक्त किंमतीच्या जागी बसतं. टेबलचं नाव, कॉलमचं नाव, चढता-उतरता क्रम, यातलं काहीही त्यात जात नाही, आणि का ते आता तुम्हाला कळेल: सांगाडा वाचतानाच डेटाबेसला टेबल कुठलं ते माहीत हवं, चिठ्ठी नंतर येणार. ऑर्डर बाय (ओळी कुठल्या क्रमाने लावायच्या ते) च्या पुढे प्रश्नचिन्ह ठेवून "शहर" हे कॉलमचं नाव बाइंड केलं तर मायएसक्यूएलमध्ये एररही येत नाही, ते प्रत्येक ओळ "शहर" या एकाच शब्दाने लावतं, म्हणजे लावतच नाही. तुम्ही तासभर बघत बसता की क्रम का बदलत नाही. उपाय असा की कोडमध्ये चालणाऱ्या कॉलमची ठरलेली यादी ठेवा, युजरने जे मागितलं ते यादीत असेल तर यादीतलं नाव वापरा, नसेल तर डीफॉल्ट. युजरचा शब्द क्वेरीत जातच नाही.

लाइक चं पण तसंच, ज्याने मजकुराचा तुकडा शोधतात आणि टक्क्याचं चिन्ह म्हणजे "इथे काहीही चालेल". '%?%' लिहिलं तर ते प्रश्नचिन्ह कोटच्या आत अडकलं, ते आता प्लेसहोल्डर नाही. टक्के किंमतीला जोडायचे, म्हणजे बाइंड करताना "%जोशी%" पाठवायचं आणि क्वेरीत नुसतं लाइक ?.

इन (या यादीतलं कुठलंही) च्या कंसात एक प्रश्नचिन्ह म्हणजे एकच किंमत, "3,7,9" असा मजकूर एका जागेत कोंबला तर तो तीन आकडे होत नाही. तीन किंमती असतील तर तीन प्रश्नचिन्हं, तेवढी कोडने मोजून तयार करायची. ती चिन्हं जोडून ओळ बनवणं सुरक्षित आहे कारण तुम्ही प्रश्नचिन्हं जोडताय, युजरचा मजकूर नाही. फक्त हजारोंची यादी असेल तर मर्यादा बघा, एसक्यूएल सर्व्हर एका क्वेरीत 2100 पॅरामीटरच घेतो आणि पोस्टग्रेस 65,535 च्या वर जात नाही.

आणि नल. आडनाव = ? मध्ये नल बाइंड केलं तर काहीही सापडणार नाही, नल असलेल्या ओळी सुद्धा नाही. एसक्यूएलमध्ये नल म्हणजे "माहीत नाही", आणि माहीत नाही बरोबर माहीत नाही हे खरं की खोटं तेही माहीत नाही. इज नल वेगळं लिहावं लागतं.

पीएचपीवाल्यांची रडकथा राहिलीच. "कॉल टू अ मेंबर फंक्शन बाइंड_पॅराम ऑन बूल". लाखो लोकांनी ही एरर नेटवर शोधली असेल. लोक बाइंडच्या ओळीत चूक शोधत बसतात, आणि चूक असते एक ओळ वर, प्रिपेअर फसलेलं असतं, बहुतेक वेळा कॉलमचं नाव चुकलेलं किंवा टेबलच नाही, ते गपचूप "फॉल्स" परत देतं आणि तुम्ही त्या फॉल्सला म्हणताय बाइंड कर. पीएचपी 8.1 पासून मायएसक्यूएलआय अशा वेळी आपोआप खरी एरर फेकतं. जुन्यात असाल तर एरर रिपोर्टिंग चालू करणारी ओळ (मायएसक्यूएलआय_रिपोर्ट) वर टाका, दुपार वाचेल.

## उत्तर आलं, आता ते उचलायचं कसं

एक्झिक्यूट झालं म्हणजे ओळी हातात आल्या असं नाही. फेच करणं म्हणजे त्या एकेक करून उचलणं, आणि इथली चित्रं डोक्यात स्पष्ट नसली की चमत्कारिक बग होतात.

मला फोनचं उदाहरण आवडतं. तुम्ही फोन केला, समोरच्याने यादी वाचायला घेतली. फेच म्हणजे "हं, पुढचं सांगा". तो एक नाव सांगतो आणि बोट पुढे सरकवतो. मागचं पुन्हा सांगत नाही. यादी संपली की सांगतो संपली, कोडमध्ये ते फॉल्स, नन किंवा नल असं काहीतरी येतं. म्हणून फेच व्हाइल लूपमध्ये घालतात, मिळतंय तोवर विचारत राहा.

आता यातूनच सगळ्यात नेहमीचा बग: "एक ओळ कमी येते". बघायला जावं तर वर कोणीतरी लिहिलेलं असतं की फेच करून बघा काही मिळतंय का, मिळालं तर लूप चालवा. ती तपासणी म्हणजेच पहिलं नाव ऐकून सोडून दिलं, लूप दुसऱ्यापासून सुरू. सर्चमध्ये एकच रेकॉर्ड असेल तर पान रिकामं, आणि टेस्टिंग दहा रेकॉर्डवर केलेलं असतं त्यामुळे कोणाला कळत नाही. मी एकदा दोन दिवस यात घालवलेत, क्लायंट म्हणत होता "सगळ्यात नवीन नोंद दिसत नाही" आणि मी कॅशला (जुनी पानं साठवून दाखवणाऱ्या यंत्रणेला) शिव्या देत होतो.

दुसरा प्रकार "कमांड्स आउट ऑफ सिंक". समोरचा यादी वाचतोय, तुम्ही मध्येच त्याच फोनवर दुसरा प्रश्न विचारला. लाईन एकच आहे. एकतर आधीची यादी पूर्ण ऐका, किंवा "बंद करा" सांगा, किंवा स्टोअर रिझल्ट म्हणून सगळी यादी आधी स्वतःकडे उतरवून घ्या मग निवांत वाचा. मायएसक्यूएलआयच्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये स्टोअर करायच्या आधी नम_रोज विचारलं की शून्य येतं तेही यामुळेच, यादी अजून उतरलीच नाही तर किती आहेत ते कुठून सांगणार.

मग लोक म्हणतात सरळ फेच ऑल करा ना, सगळं एकदम. दोनशे ओळी असतील तर करा, मीही तेच करतो, उगाच शहाणपणा कशाला. पण वीस लाख ओळींचा रिपोर्ट असेल तर त्या वीस लाख ओळी तुमच्या प्रोग्रॅमच्या मेमरीत येऊन बसणार आणि तो मरणार. अशा वेळी एकेक किंवा हजार हजारचे गठ्ठे घ्यायचे, पायथॉनमध्ये त्याला फेचमेनी आहे. जावावाल्यांनी मात्र जपून: पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर (दोघांना जोडणारा कोड) तुम्ही लूपमध्ये एकेक ओळ घेताय असं दिसलं तरी पाठीमागे सगळ्या ओळी आधीच आणून ठेवतो, ऑटोकमिट (प्रत्येक हुकूम लगेच पक्का करणं) बंद करून फेच साइज सांगितली तरच गठ्ठ्यांनी आणतो.

मायएसक्यूएलआयमध्ये उचलायच्या दोन पद्धती आहेत. गेट_रिझल्ट घेतला तर प्रत्येक ओळ कॉलमच्या नावांसकट नीट मिळते. बाइंड_रिझल्ट म्हणजे तुम्ही ठरलेले डबे मांडून ठेवता आणि प्रत्येक फेचला त्याच डब्यांत नवीन माल येतो, जुना जातो, त्यामुळे ठेवायचं असेल तर लगेच दुसरीकडे काढून घ्या. गेट_रिझल्ट पूर्वी काही होस्टिंगवर चालायचाच नाही कारण त्याला मायएसक्यूएलएनडी नावाचा ड्रायव्हर लागतो, पीएचपी 8.2 पासून मायएसक्यूएलआय फक्त त्याच्याबरोबरच येतं तेव्हा ती कटकट संपली. 8.2 मध्येच एक्झिक्यूट_क्वेरी पण आलंय, प्रिपेअर, बाइंड आणि एक्झिक्यूट एका ओळीत. नवीन शिकत असाल तर तिथूनच सुरू करा, बाइंडला कुठली किंमत मजकूर, कुठली आकडा हे सांगणारी "एसएसआय" वगैरे अक्षरं मोजत बसायला नको.

## "याने फास्ट होतं म्हणे" आणि "याने स्लो होतं म्हणे"

दोन्ही खरं. एकच सांगाडा हजार वेळा वेगळ्या किंमतींनी चालवायचा असेल, समजा फाइलमधून नोंदी भरताय, तर प्रिपेअर एकदाच लूपच्या बाहेर करायचं आणि आत फक्त एक्झिक्यूट, वाचायचा खर्च एकदाच होतो. लोक प्रिपेअरच लूपच्या आत लिहितात आणि मग म्हणतात काही फरक नाही पडला. उलट एकच क्वेरी एकदाच चालवायची असेल तर एक हेलपाटा जास्त पडतो, आधी सांगाडा, मग किंमत. साध्या साइटवर तो जाणवत नाही.

क्वचित एक गंमत होते. क्वेरी कशी चालवायची, कुठला इंडेक्स वापरायचा, याचा बेत डेटाबेस आखतो, त्याला प्लॅन म्हणतात. पोस्टग्रेस पहिल्या पाच वेळा किंमत बघून ताजा प्लॅन आखतो, नंतर सगळ्यांना चालेल असा एक सरसकट प्लॅन महाग पडत नसेल तर तोच धरतो. आणि कधीतरी तो सरसकट प्लॅन एखाद्या विशिष्ट किंमतीला वाईट निघतो, म्हणून "पाच वेळा फास्ट चालली, सहाव्यांदा अडकली" अशी भुताटकी दिसते. पोस्टग्रेस 12 पासून यासाठी प्लॅन_कॅश_मोड नावाची सेटिंग आहे. असं काही दिसलं तर आठवा, नाही दिसलं तर विसरा.

## "मी ओआरएम वापरतो, माझा काय संबंध"

ओआरएम म्हणजे अशी लायब्ररी जी तुमच्यासाठी एसक्यूएल लिहिते. ती आतून प्लेसहोल्डरच वापरते, तेव्हा बऱ्यापैकी सुरक्षित आहात. पण जवळजवळ प्रत्येक ओआरएममध्ये "रॉ" नावाचं एक मागचं दार असतं, किचकट रिपोर्टसाठी, आणि डेडलाइनच्या आदल्या रात्री त्या दारातून कोण काय जोडून गेलं ते कोणी बघत नाही. स्टोअर्ड प्रोसिजरचं पण असंच, डेटाबेसच्या आत ठेवलेला कोड म्हणून तो पवित्र होत नाही, आत तो जर शब्दच जोडत असेल तर भोक फक्त आतल्या खोलीत सरकलं.

"आमचं टूल फक्त ऑफिसातलेच लोक वापरतात" हेही ऐकलंय. ओ'ब्रायन ऑफिसात पण असतो.

आणि एक उलटं पण सांगतो, प्रिपेअर्ड स्टेटमेंट सगळ्यावर औषध नाही. कोणी नावाच्या जागी स्क्रिप्टचा कोड लिहिला तर ते इमानदारीत तसाच साठवेल, नंतर पानावर तसाच दाखवलात तर ब्राउझरमध्ये चालेल, तो वेगळा रोग आणि त्याचं औषध दाखवताना द्यायचं असतं. कोणी काय बघावं याची परवानगी पण ते तपासत नाही.

## जुना कोड अंगावर आला असेल तर

सगळं एका दिवसात बदलायला जाऊ नका, तुटेल. आधी सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट हे चार शब्द अख्ख्या कोडमध्ये शोधा आणि ज्या ओळीत त्यांच्याबरोबर जोडायचं चिन्ह किंवा व्हेरिएबल दिसतंय त्या यादीत घ्या. लॉगिन आणि सर्च पहिले. मग ज्या पानांना लॉगिनच लागत नाही ती, टॉकटॉकवाली विसरलेली पानं आठवा.

मग एक जागा बघा जिथे कोणी बघत नाही: डेटाबेसमधूनच वाचलेली किंमत जिथे दुसऱ्या क्वेरीत जोडलीये. लोक म्हणतात ही तर आपल्याच डेटाबेसमधली, सुरक्षित आहे. अहो, ती तिथे आली कुठून? वर्षापूर्वी कोणीतरी फॉर्ममध्ये "अ‍ॅडमिन' -- " असंच नाव घेतलं, तेव्हा इन्सर्ट नीट प्रिपेअर्ड होता म्हणून ते जसंच्या तसं, कोटसकट, सुखरूप साठवलं गेलं, आणि आज रात्रीचा रिपोर्टवाला प्रोग्रॅम ते नाव उचलून पुढच्या क्वेरीत चिकटवतोय. त्या प्रोग्रॅमची फाइल बहुतेक कोणाच्या तरी जुन्या फोल्डरमध्ये असते, ती आधी शोधावी लागेल.